बॅगांपाशी कोणी बसू नये : मित्रमंडळींसाठी गोव्यातला वॉटरपार्क वीकेंड

प्रत्येक गटात एक जण बॅगांपाशी बसलेला असतो. आमच्यात ती माझी जुनी मैत्रीण. वॉटरपार्कच्या दारातून आत शिरलं की ती सावलीतली खुर्ची शोधायची, सगळ्यांचे मोबाईल, चष्मे, चपला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "जा गो तुम्ही, मी सामान सांभाळते." पाच-सहा तास ती तिथेच. घरी आल्यावर फोटोंमध्येही ती नसायची, कारण फोटो तीच काढायची.

एकदा परतीच्या वाटेवर दोघीच मागच्या सीटवर होतो तेव्हा मी तिला नीट विचारलं. कारणं तीन निघाली. तिच्या मापाचा कॉस्च्युम भाड्याने कधी मिळत नाही. चष्म्याशिवाय तिला पायऱ्या दिसत नाहीत. आणि गुडघा दुखतो, पण आठ जणांसमोर ते सांगायला नको वाटतं. इच्छा नव्हती असं नव्हतंच. तिन्ही कारणं आठवडाभर आधी कळली असती तर सुटली असती.

तेव्हापासून सहल आखायचं काम माझ्याकडे आहे. मी म्हापशाची. आमच्या आठ जणांच्या गटातले तिघं गोव्यात, बाकीचे पुणे, कोल्हापूर, बेळगावात विखुरलेले. सगळे चाळिशी ओलांडलेले. खाली लिहिलंय ते अशाच गटासाठी : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, एकच पार्क, एक अख्खा दिवस.

पार्क कोणतं

खोपोलीच्या इमॅजिकासारखं मोठमोठ्या रोलर कोस्टरचं थीम पार्क गोव्यात नाही. ते डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथे मजा पाण्याची आहे, आणि मोठ्या माणसांच्या दृष्टीने ते बरंच आहे. पार्क आवाक्यातलं असतं, धावपळ न करता एका दिवसात मनसोक्त होतं, हरवलेला माणूस दहा मिनिटांत सापडतो.

उत्तर गोव्यात हणजूणचं स्प्लॅशडाऊन हे माझं पहिलं उत्तर. म्हापशाहून आठेक किलोमीटर, समुद्र जवळ, राहायच्या जागा भरपूर. दुसऱ्या दिवसासाठी दोन जागा लक्षात ठेवा. एक, डिचोली तालुक्यातलं मये तळं. तिथे २०१८ पासून ५५ मीटर उंचीवरून बंजी जंपिंग आहे. दुसरी, लोटलीचं बिग फूट. तिथे जुन्या गोव्यातलं गावजीवन पुतळ्यांतून उभं केलंय आणि जांभ्या दगडात आडवी कोरलेली संत मीराबाईची प्रचंड मूर्ती आहे. त्यांच्याबद्दल रविवारच्या भागात सांगते.

एका वीकेंडला दोन वॉटरपार्क कधीच घेऊ नका. शनिवारी थकलेली माणसं रविवारी तिकिटाचे पैसे वसूल करायला म्हणून पायऱ्या चढतात, आणि घसरणं-मुरगळणं नेमकं तेव्हाच होतं.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. त्यातले २० डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस सोडा. त्या काळात म्हापसा ते हणजूण एवढ्या अंतरालासुद्धा तास लागू शकतो आणि खोल्यांचे भाव विचारायची सोय नसते. कार्निव्हल आणि शिगमोच्या दिवसांत शहरांतले रस्ते मिरवणुकांसाठी बंद होतात, त्यामुळे त्या तारखाही पाहून घ्या. चतुर्थीला तर येऊच नका. आमच्याकडची निम्मी माणसं तेव्हा मूळ गावी असतात, दुकानं बंद, आणि गोव्यातल्या तुमच्या मित्राला तुमच्यासोबत यायचंच नसतं.

जमत असेल तर एक दिवस आधी येऊन पार्कचा दिवस शुक्रवार ठेवा. मात्र डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या दिवशी शाळांच्या सहली येतात, आणि दोन बसभर पोरं उतरली की रांगा शनिवारपेक्षा लांब होतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पार्कला फोन करून चार गोष्टी विचारा : त्या दिवशी शाळेची किंवा कंपनीची मोठी सहल आहे का, कुठली राईड दुरुस्तीसाठी बंद आहे का, गटासाठी सवलत आहे का, आणि कपड्यांचे नियम काय. दर हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात, तेही त्याच फोनवर कळतात.

पावसाळ्याबद्दल लोक घाबरवतात. मला पावसातलं पार्क आवडतं. गर्दी कमी, ऊन नाही, फरशी तापलेली नाही. पण विजा कडाडायला लागल्या की राईड थांबवतात, आणि थांबवायलाच हव्यात. तासभर शेडखाली बसायची तयारी असेल तर जुलै-ऑगस्टलाही या. मात्र समुद्र त्या काळात हिशेबात धरू नका. पोहायला मनाई असते, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात आणि लाल बावटे गंमत म्हणून लावलेले नसतात.

गट जमवताना

सम संख्या ठेवा. बऱ्याच पार्कांत दोघांनी बसायच्या ट्यूब असतात. सात जण असले की दर वेळी एकजण उरतो, आणि तो बहुतेक वेळा तोच असतो. सहा किंवा आठ ही छान संख्या. दहाच्या वर गेलात की जेवायला टेबल मिळण्यातच वेळ जातो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा करा, पण निर्णय एकाच माणसाकडे द्या. "बघू या", "मला काहीही चालेल" यांत पंधरवडा निघून जातो आणि तोपर्यंत रेल्वेची तिकिटं संपतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. आखणी करणाऱ्याने प्रत्येकाला वेगळा फोन करायचा. ग्रुपवर नाही. पाच मिनिटं बोलायचं आणि विचारायचं : पोहता येतं का, उंचीची भीती वाटते का, गुडघा-कंबर-मान कशी आहे, रक्तदाब, साखर, दम्याची औषधं चालू आहेत का, चष्म्याचा नंबर किती, कॉस्च्युम आहे का, कुठल्या मापाचा लागेल, आणि एखादी गोष्ट अजिबात करायची नसेल तर कोणती. फोनवर माणसं खरं बोलतात. आमच्यातल्या एका धिप्पाड मित्राला पाण्यात डोकं बुडवायची भीती वाटते, हे तीस वर्षांच्या मैत्रीत मला पहिल्यांदा अशा फोनवर कळलं.

पैशांसाठी खजिनदार नेमा, तो आखणी करणारा नको. आधीच प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम गोळा करा आणि तिकिटं, लॉकर, गाडी, जेवण सगळं त्यातूनच द्या. दारू, खरेदी, बंजी ही ज्याची त्याने. एवढी एक रेघ आधी मारली की हिशेबाच्या वेळी न पिणाऱ्याच्या मनात काही राहत नाही.

कपडे आणि सामान

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बॅगांपाशी बसणारी माणसं मुळात इथेच तयार होतात.

वॉटरपार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा तत्सम सिंथेटिक कापडच लागतं. पुष्कळांना हा भाडं कमावायचा डाव वाटतो. तसं नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, अंगाला आणि घसरगुंडीला चिकटतं, आणि माणूस उतारावर मध्येच अडकतो. मागून दुसरा येत असतो. शिवाय सुताचे धागे गाळणीत जाऊन बसतात. चेन, धातूची बटणं, मागच्या खिशावरचे रिव्हेट असलेले कपडेही चालत नाहीत, कारण त्यांनी फायबरवर ओरखडे उठतात आणि पुढच्या माणसाची पाठ सोलवटते.

भाड्याचा कॉस्च्युम मिळतो, पण मोठ्या मापाचे आणि झाकणारे प्रकार लवकर संपतात. म्हणून प्रत्येकाने स्वतःचा आणायचाच. बायकांसाठी घोट्यापर्यंतची स्विम लेगिंग आणि लांब बाह्यांचा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टीशर्ट) हा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. ऊन लागत नाही, कोपरं-गुडघे सोलत नाहीत, आणि आपण कशा दिसतोय हा विचार दहा मिनिटांत सुटतो. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची नायलॉनची चड्डी आणि त्याच कापडाचा टीशर्ट घ्यावा. नुसत्या बनियनवर येणाऱ्यांना आत सोडत नाहीत. नवा कॉस्च्युम घेतलात तर घरी एकदा घालून ओला करून बघा. कोरड्यात घट्ट बसणारी नाडी पाण्यात सैल होते.

दागिने घरी. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या, पैंजण सगळं. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि वर्षानुवर्षं न निघालेली अंगठी अलगद निघून जाते. मंगळसूत्र काढायला मन होत नसेल त्यांनी रॅशगार्डच्या आत काळा दोरा घालावा. आमच्यातल्या दोघी तसंच करतात.

चष्म्याचं असं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका. पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकले तर डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर तयारच मिळतात आणि फार महाग नसतात. माझ्या मैत्रिणीने ते घेतले आणि तिची निम्मी अडचण तिथेच संपली. राईडवर मात्र गॉगलही काढून हातात धरायला सांगू शकतात. खाली उतरल्यावर तिला हात द्यायला जोडीदार असावा.

पाळी आली म्हणून कोणी काठावर बसायची गरज नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरून पाण्यात उतरता येतं. पण पार्कच्या दिवशी तो पहिला प्रयोग नको, एक महिना आधी सवय करावी. पॅड पाण्यात उपयोगाचं नाही.

बाकीचं सामान थोडकं : रबरी सपाता, जलरोधक सनस्क्रीन, टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, प्यायच्या पाण्याची बाटली, मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं. एकाच्या पिशवीत पट्टी, डेटॉल, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल. मधुमेह असणाऱ्याने ग्लुकोज बिस्किटं लॉकरमध्ये न ठेवता कमरेच्या जलरोधक पाऊचमध्ये ठेवावीत. इन्सुलिन तापलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका, खोलीच्या फ्रिजमध्ये ठेवून या किंवा थंड पाऊचमध्ये आणा.

राहणं आणि येणं-जाणं

जागा पार्कपासून तीन-चार किलोमीटरच्या आत घ्या. हणजूण, आसगाव, शिवोली, वागातोर या पट्ट्यात घरं भाड्याने मिळतात. आठ जणांना हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा एक घर बरं, कारण रात्रीच्या गप्पांना ओसरी लागते. पण घर घेताना फोटोतल्या पूलपेक्षा तीन गोष्टी विचारा : न्हाणीघरं किती, दिवे गेले तर इन्व्हर्टर आहे का, आणि कपडे वाळत घालायला दोरी कुठे. आठ ओले कॉस्च्युम, आठ टॉवेल आणि दोनच न्हाणीघरं म्हणजे शनिवारची संध्याकाळ तिथेच गेली. घर पर्यटन खात्याकडे नोंदलेलं आहे ना, हेही विचारा. गोव्यात तशी नोंदणी कायद्याने लागते.

मुंबईकरांना कोकणकन्या सोयीची, रात्री बसलं की सकाळी थिवीला. थिवी हे म्हापशाला जवळचं स्टेशन. मडगावपर्यंत गेलात तर तास-दीड तास उलटं यावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकिटावरची वेळ नीट वाचा. विमानाने येणाऱ्यांनी मोपचं विमानतळ बघावं. हणजूणला दाबोळीपेक्षा ते जवळ. कोल्हापूरकडून आंबोलीमार्गे, बेळगावकडून चोर्ल्यामार्गे गाडीने येणाऱ्यांनी घाट उजेडात उतरावा.

गोव्यात फिरायला दुचाकी भाड्याने मिळते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्याची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, पोलिसांनी अडवलं की दंड तुम्हाला आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

पण पार्कच्या दिवशी दुचाकी नकोच. सहा तास पाण्यात घालवलेल्या माणसाचे डोळे चुरचुरत असतात, खांदे भरून आलेले असतात. त्या दिवसासाठी ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, जाऊन-येऊन. एका वर्षी आम्ही सकाळी सोडणारी टॅक्सी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी ठरवली होती. संध्याकाळचा ड्रायव्हर आलाच नाही, फोनही उचलला नाही. ओले केस, हातात ठिबकणाऱ्या पिशव्या, अंधार पडलेला, आणि आठही जण रस्त्याच्या कडेला सव्वा तास उभे. दोघांना दुसऱ्या दिवशी ताप आला. तेव्हापासून गाडी तिथेच थांबेल असं ठरवून घेते आणि थांबण्याचे पैसे आनंदाने देते.

शुक्रवार

दुपारपर्यंत पोचलात तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघा. गावागावांतून माणसं येतात. मिरच्यांच्या, केळ्यांच्या, सुक्या मासळीच्या रांगा, मातीची भांडी, फुलं. पाववाल्यांकडून पोई, म्हणजे गोव्याचा पाव, घ्या. कोंड्याची, पोकळ, अजून गरम असणारी. शनिवारच्या सकाळची सोय होऊन जाते.

रात्री शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, जेवा, सोलकडी प्या, आणि अकराच्या आत झोपा. हे सांगताना मला माहीत आहे की वर्षभराने भेटलेले मित्र अकराला झोपत नसतात. तरी सांगते. पार्कात मोठ्या माणसांना होणारा त्रास घसरगुंडीमुळे क्वचित होतो, तो आदल्या रात्रीमुळे होतो. रात्री दोनपर्यंत बिअर, सकाळी नुसती कॉफी, आणि साडेबाराच्या उन्हात घसरगुंडीच्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवर रांगेत उभं राहणं. आमच्यातला एकजण असाच रांगेत पांढराफटक पडला होता. मागच्या माणसाने काखेत हात घालून धरलं म्हणून बरं, लोखंडी जिन्यावर तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर होता. गप्पांची रात्र शनिवारी ठेवा.

शनिवार : पार्कचा दिवस

सकाळी आठला भरपूर पण हलकं खा. पोई आणि पातळभाजी, उकडलेली अंडी, केळं. निघायच्या वीस मिनिटं आधी सनस्क्रीन लावा, घरीच, एकमेकांना. मान, कानांची टोकं, पावलांची वरची बाजू विसरली जाते. पाण्यातल्या माणसाने दर दोन तासांनी ते परत लावायचं असतं. टॉवेलने अंग पुसलं की तर लगेच.

गेट उघडण्याआधी पंधरा मिनिटं पोचा. पहिला दीड तास सोन्यासारखा असतो. रांगा नसतात, फरशी थंड असते, ऊन तिरपं असतं. आत गेल्यावर ओळीने असं करा.

लॉकर दोन घ्या, आठ जणांना दोन पुरतात. किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, मनगटाच्या पट्ट्यात. मोबाईल लॉकरमध्ये. फोटोसाठी एकच फोन, जलरोधक पाऊचमध्ये, तासागणिक हात बदलत. खुर्चीवर काहीच ठेवायचं नाही. खुर्चीवर सामान नसलं की सामानापाशी माणूस लागत नाही, माझी सगळी आखणी या एका वाक्यावर उभी आहे.

मग शॉवर. पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंग धुवा आणि केस साध्या पाण्याने चिंब करा. ओले झालेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. डोक्याला तेल लावून येऊ नका, ते सगळ्यांच्या पाण्यावर तरंगतं. क्लोरीनचा उग्र वास आला की पाणी स्वच्छ आहे असं आपण मानतो, खरं उलट आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन जे क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. नीट राखलेल्या पाण्यात मोकळं क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) असतं आणि त्याला फार वास नसतो. तळाची फरशी स्पष्ट दिसत नसेल तर त्या टाकीत उतरू नका, तसं तिथल्या माणसाला सांगा.

जोड्या पाडा. पोहता येणाऱ्याबरोबर न येणारा, उंचीला घाबरणाऱ्याबरोबर शांत डोक्याचा. जोडी दिवसभर बदलायची नाही. एकमेकांवर लक्ष ठेवायचं, एवढंच.

पहिल्या तासात मोठ्या राईड. बहुतेक लोक आधी लाटांच्या टाकीत डुंबतात आणि दुपारी मनोऱ्याकडे वळतात, तुम्ही उलट करा. पायऱ्यांचा हिशेब सांगते : दहा मीटर उंच मनोऱ्याला साधारण ६० पायऱ्या होतात. पंधरा वेळा चढलात की ९०० पायऱ्या, त्याही ओल्या आणि कधी हातात ट्यूब घेऊन. गुडघा नाजूक असलेल्याने पाच-सहाच फेऱ्या ठरवाव्यात आणि त्या पहिल्या तासातच वापराव्यात. उतरण्याने गुडघा जास्त दुखतो, पण इथे उतरायचं घसरगुंडीवरूनच असतं, हा वॉटरपार्कचा मोठा फायदा.

घसरताना पाठ टेकलेली, हात छातीवर घडी करून, घोटे एकमेकांवर. वरचा माणूस हातानेच खूण करतो, त्याची खूण झाल्याशिवाय निघू नका. मध्येच उठून बसायचा प्रयत्न केला की वेग बदलतो आणि वळणावर कोपर आपटतं. जड माणूस वेगाने जातो, म्हणून दोघांच्या ट्यूबवर जड कुठे बसेल ते तिथला माणूस सांगतो, त्याचं ऐका. खाली पाण्यात पडलात की लगेच बाजूला व्हा. हसत तिथेच उभं राहायचा मोह होतो, आणि मागचा माणूस पाय पुढे करून येत असतो.

माझ्या मैत्रिणीची पहिली राईड मला जशीच्या तशी आठवते. मनोऱ्यावर तिचा नंबर आला, ती बसली, आणि तिने दोन्ही हातांनी कडेचा पाइप धरला. बोटांची पेरं पांढरी. पाणी तिच्या कमरेभोवतून भसाभसा पुढे जात होतं आणि लेगिंगची कड फडफडत होती. तिथला मुलगा विशीतला. त्याने घाई केली नाही. तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, डोळे उघडे ठेवा, बंद केल्यावर जास्त भीती वाटते." मागच्या रांगेला त्याने हात दाखवून थांबवलं. तिने एकेक बोट सोडलं. मी खाली उभी होते, वरून नुसता एक लांब "आईऽऽ" आला, आणि मग ती पाण्यातून वर आली, नाकातोंडात पाणी, केस डोळ्यांवर. काही न बोलता तिने कडेची ट्यूब उचलली आणि जिन्याकडे चालायला लागली.

म्हणून एक नियम आम्ही ठेवलाय : कोणाला ढकलायचं नाही, ओढायचं नाही, "घाबरट" म्हणायचं नाही. वर जाऊन परत उतरायची मुभा प्रत्येकाला आहे. उतरणाऱ्याबरोबर त्याचा जोडीदारही उतरतो.

साडेबारा-एकला पाण्याबाहेर या. जेवण थोडं, तेलकट टाळून. पाण्यात असलो तरी घाम येतच असतो, फक्त कळत नाही. दर तासाला दोनेक पेले पाणी आणि दुपारी एकदा मीठ-साखरेचं पाणी. पार्कमध्ये किंवा बाहेर दारू मिळाली तरी संध्याकाळपर्यंत नको. जेवल्यावर पाऊण तास सावलीत पडा. गप्पा इथे आपोआप रंगतात. मला तर हा पाऊण तास दिवसातला सगळ्यात प्रिय.

दुपारनंतर संथ वाहणारा प्रवाह, लाटांची टाकी, रेन डान्स. लाटांच्या टाकीत पोहता न येणाऱ्याने कमरेइतक्या पाण्यापुढे जाऊ नये आणि जोडीदाराने हाताच्या अंतरावर असावं. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेशी, मान मागे, नजर शून्य, आणि आवाज अजिबात नाही. कोणी अचानक गप्प झालं तर आधी त्याच्याकडे बघा.

पार्क बंद व्हायच्या पाऊण तास आधी निघा. तेव्हा शॉवर रिकामे असतात, कोरडे कपडे शांतपणे घालता येतात. केसांना कंडिशनर, कानांत गेलेलं पाणी मान तिरकी करून काढणं, मग गरम चहा. शनिवारी हडफड्याचा रात्रीचा बाजार हंगामात भरलेला असतो आणि त्या बाजूचा रस्ता तुंबतो. गाडी दुसऱ्या वाटेने घ्या. वाटेत रोस ऑम्लेटचा गाडा दिसला तर थांबा. झणझणीत रश्शात बुडालेलं ऑम्लेट, वर कांदा, लिंबू आणि सोबत पाव. दिवसभर पाण्यात राहिलेल्या पोटाला याच्यासारखं काही नाही. त्यानंतरची रात्र तुमची.

रविवार

कोणालाही सातला उठवू नका. दहानंतर दोनच पर्याय ठेवा, तिसरा नको.

ज्यांना अजून थरार हवाय ते मये तळ्याला. म्हापशाहून अर्धा-पाऊण तास, डोंगर-झाडीतून सुंदर रस्ता. बंजीला आगाऊ नोंदणी करावी. वजन करून घेतात, तब्येतीच्या फॉर्मवर सही घेतात. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, फिट्स, डोळ्यांची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काही असेल तर उडी मारू नका आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. शनिवारी ज्याची मान अवघडली असेल त्यानेही नको. न उडी मारणाऱ्यांना तळ्याकाठी बसायला छान जागा आहे, आणि तिथे बसणं म्हणजे बॅगा सांभाळणं नव्हे.

ज्यांना मडगावहून गाडी पकडायची आहे त्यांनी लोटली. मीराबाईची ती मूर्ती शिल्पकार महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये एका महिन्यात कोरली. सुमारे १४ मीटर लांब. जांभ्यासारख्या भुसभुशीत, छिद्रांच्या दगडात चेहरा उतरवणं सोपं नसतं. शेजारीच आल्वारिसांचं जुनं घर बघता येतं. आमच्यातल्या दोघांना राईडपेक्षा तेच जास्त आवडलं होतं. दमलेल्या पायांना तास-दीड तासाचं हे फिरणं झेपतं.

आणि कोणालाच कुठे जायचं नसेल तर जाऊ नका. ओसरीवर चहा प्या.

निघण्याआधी खजिनदाराने हिशेब सगळ्यांसमोर वाचावा, उरलेले पैसे तिथेच यूपीआयने परत करावेत किंवा सर्वांच्या होकाराने पुढच्या वर्षाच्या तिकिटांसाठी ठेवावेत. फोटो त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. ओले कॉस्च्युम साध्या पाण्यात पिळून दोरीवर तासभर तरी टाका. क्लोरीन राहिलं की नायलॉन ढिलं पडतं आणि पुढच्या वर्षी नाडी बांधूनही बसत नाही. गेल्या वेळी थिवीला गाडी आली तेव्हा माझ्या मैत्रिणीची लेगिंग अजून ओलीच होती. तिने ती डब्याच्या खिडकीच्या गजाला बांधली, आणि गाडी हलली तशी ती बाहेर फडफडत गेली.